मंत्रिमंडळाबाहेरचे बाबा

आमच्या न्यूझीलंडमधल्या, अल्बनीच्या घरात संसदीय लोकशाही आली ती माझ्या बाबांबरोबर, आणि फार काळ टिकली नाही. त्याआधी तिथे सासूबाईंची एकहाती राजवट होती. राजवट चांगली होती, हे कबूल करायला हवं. मी आणि नवरा सकाळी ऑफिसला पळायचो, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत लेकीची शाळा, कपडे, आमटी-भात असा सगळा कारभार त्यांनी उरकलेला असायचा. नवरा त्यांचा निष्ठावंत आमदार. मी मागच्या बाकावर. घराचा हप्ता मात्र मुख्यतः माझ्या पगारातून जायचा, हे इथेच सांगून ठेवते.

आई गेल्यावर बाबा पुण्यात एकटे पडले. दोन्ही वेळचा डबा, त्यातली अर्धी भाजी फ्रीजमध्ये, आणि फोनवर "माझं मस्त चाललंय." दोन हजार पाचच्या हिवाळ्यात मी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. मला ते कायमचे इथे हवे होते. बाबांनी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, घटना तोंडपाठ. पण त्यांच्या डोक्यात घटनेच्याही वर एक कलम होतं. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जावं, मुक्काम ठोकू नये. समतेवर तास घेणारा माणूस! मी भांडले, रडले, अबोला धरला. बाबांनी बॅग रिकामी केली नाही. ती पलंगाखाली. लागतील ते दोन शर्ट काढायचे, धुऊन वाळले की घडी घालून पुन्हा बॅगेत. मी त्यांच्यासाठी रिकामं केलेलं कपाट रिकामंच राहिलं.

सासूबाईंनाही हे कलम मान्य होतं, म्हणजे आगीत तेल. त्या कोल्हापूरच्या. व्याह्यांशी थेट बोलायच्या नाहीत, मधे नात लागायची. "आजोबांना विचार गं, चहा टाकू का?" नात इंग्रजीत विचारायची, आजोबा मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या सासूबाई काही ऐकूच आलं नाही अशा चेहऱ्यानं नातीकडून उत्तराची वाट बघायच्या.

तेवढ्यात इथली निवडणूक झाली. कुणालाच बहुमत नाही, आठवडेच्या आठवडे नुसती बोलणी. बाबा खुलले. सकाळी उठून कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, दूध आणि पेपर आणायचे आणि आम्हाला दारात गाठून कोण कुणाबरोबर जाणार ते सांगायचे. शेवटी सरकार जमलं. एक मोठा पक्ष, त्याला चिकटलेला एका खासदाराचा पक्ष, आणि बाहेरून टेकू देणारे दोन. त्यात परराष्ट्रमंत्री चक्क मंत्रिमंडळाच्या बाहेर! आपल्या खात्यापुरता सरकारचा, बाकी विषयांवर सरकारला झोडायला मोकळा.

बाबांनी पेपर टेबलावर आपटला. "सामूहिक जबाबदारी नावाची काही चीज आहे की नाही? एखाद्या पोरानं पेपरात हे लिहिलं असतं, तर शून्य दिलं असतं मी!"

दोन-तीन दिवस धुसफुसले. मग एका सकाळी नाश्त्याला आले ते गालात हसत. "मीही बाहेरून पाठिंबा देतो," ते म्हणाले.

अटी त्यांनीच घातल्या. दूध, पेपर, मागचा कोथिंबिरीचा वाफा आणि नातीचा अभ्यास ही त्यांची खाती. स्वयंपाकघराचे निर्णय त्यांना बंधनकारक नाहीत. आणि बाहेर म्हणजे बाहेर. जेवण आत टेबलावर नाही, मागच्या उघड्या लाकडी डेकवर.

"म्हणजे मी या घरात राहत नाही. या घराला पाठिंबा देतो," ते मला म्हणाले. "फरक आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण म्हटलं चालू दे. जायचा विषय तरी लांबेल.

अल्बनीचा वारा असा, की ताटातला पापड उडून शेजाऱ्यांच्या हिरवळीवर जायचा. बाबा जाकीट घालून, कानाला मफलर गुंडाळून बसायचे आणि तिथून निवेदन काढायचे, "आमटीला गूळ कमी आहे."

कोल्हापूरच्या आमटीला गूळ! सासूबाई भडकल्या. "आजोबांना सांग, टीका बाहेरून करायची आणि पोळ्या आतल्या खायच्या, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"आजीला सांग, इथल्या सरकारात तसंच चालतं."

नात आमची सभापती. तिनं टेबलावर चमचा आपटला. "ऑर्डर! आजोबा, इट्स फ्रीझिंग आउट देअर! जस्ट कम इन, प्लीज!"

पुढच्या आठवड्यात आमटीत गूळ आला. कुणी जाहीर केलं नाही. तव्यावरची पहिली गरम पोळीही डेकवर जाऊ लागली, आणि निष्ठावंत आमदार दुसरीची वाट बघू लागले.

मग व्हिसा संपत आला. तो वाढवता येत होता, पण बाबा अर्जावर सही करेनात. "सरकारची मुदत संपली," म्हणाले आणि पलंगाखालची बॅग ओढून दारापाशी ठेवली. मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल. तो "बाबा, राहा ना" एवढं बोलून तटस्थ झाला. रविवारी दुपारी बाबा ताट घेऊन डेकवर निघाले, आणि माझा तोल सुटला.

"हे माझं घर आहे, बाबा! माझ्या घरात माझ्या बापानं का राहायचं नाही?"

"तुझं आहे म्हणूनच," बाबा शांतपणे म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

पाऊस सुरू झाला. बाबा उठले नाहीत. सासूबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, डेकच्या दारात गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलल्या.

"व्याही, हे घर हिचं नाही. माझं आहे, मी चालवते. विहिणीकडं राहू नये असं कुठं लिहिलं असंल तर दाखवा. नसंल लिहिलेलं, तर ताट उचला आणि आत या. पोळी भिजतीय."

बाबांनी विचार केला. खरंच केला, चष्मा काढून, पावसात बसून. "तशी तरतूद नाही कुठे," ते म्हणाले. "पण मालकीबद्दल घरात एकमत दिसत नाही." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

सभापतींनी चमचा आपटला. "ऑल इन फेवर?"

सासूबाईंचा हात वर. नवऱ्याचा त्यांच्या पाठोपाठ. सभापतींनी स्वतःचे दोन्ही वर केले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या घरासाठी मी रोज उजाडायच्या आत बस पकडते, ते माझं नाही असा ठराव! मला भयंकर संताप आला. बाबांचा शर्ट भिजून खांद्यांना चिकटला होता, आणि खांद्यांची नुसती हाडं दिसत होती. मी हात वर केला.

संध्याकाळी बाबांनी पुण्याच्या मित्राला फोन लावला. आवाज बऱ्याच दिवसांनी मोठा होता. "अरे, मुलीकडे नाही रे! छे छे. विहीणबाईंकडे असतो मी."

शेजारच्या खोलीत मी त्यांचे शर्ट कपाटात लावत होते.