ताईच्या नजरेची उजवी बाजू

ताई झोपेतच गेल्याचा भाऊजींचा फोन आला, तेव्हा मी चारकोपच्या बाजारात भेंडी निवडत होतो. निवडलेली भेंडी तोलून घेतली, पैसे दिले आणि मग कुठे जायचं तेच आठवेना... माझी ही थोरली बहीण कांदिवलीतच, दोन गल्ल्या पलीकडे राहायची.

महिना उलटला तरी मी डोळे मिटले की तिचे डोळे दिसतात. जन्मापासून ते आपोआप डावी-उजवीकडे हलत, बारीक, पाण्यावरच्या उजेडासारखे. लहानपणी मला वाटायचं, तिला सगळं जगच हलताना दिसत असेल. विचारलं तर म्हणाली, "छे रे, जग जागच्या जागी असतं. फक्त पुसट." नजर उजव्या कोपऱ्यात नेली की तिचे डोळे निवत, हलणं कमी होई, म्हणून ती चेहरा डावीकडे वळवून बघायची. आई मात्र चारचौघांत तिची हनुवटी धरायची, "मान सरळ ठेव गं, लोकांना वाटेल तोंड फिरवलंस." मान सरळ झाली की समोरचं माणूस धूसर. आमच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत ताई नीट बसली आहे, आणि एकाही फोटोत ती बघत नाहीये.

माझी मुलगी सायली भरतनाट्यम शिकते. तिच्या कार्यक्रमांत ताईची टाळी सगळ्यांच्या आधी. पण एकदा परतताना रिक्षात ताई म्हणाली, "हात दिसतात, पाय दिसतात. पोरगी डोळ्यांनी काय बोलते, ते मात्र तुम्ही सांगाल तेवढंच. एकदा तरी माझं मला दिसू दे."

त्यानंतर ताईच्या डोळ्यांत घालायचे थेंब सुरू झाले. औषध मुळात काचबिंदूचं. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की यानं दोष जाणार नाही, काहींचे डोळे थोडे शांत होतात, काहींचे नाही. थेंब डोळ्यात आणि कडू तोंडात, म्हणून ताई गुळाचा खडा घेऊन बसायची. काही महिन्यांनी तपासणीत तक्त्यावरची एक ओळ जास्त वाचता आली. मी हिशेबी माणूस, म्हणालो, "एकच?"

"तुला एक वाटते," ती हसली. "माझ्याकडे ती नव्हतीच ना!"

पुढच्या कार्यक्रमात सायली यशोदा झाली होती, लोणी चोरणाऱ्या कृष्णाला दटावणारी. दिवे मंदावले, मृदंग हळू झाला, सगळं जरा स्वप्नात चालल्यासारखं... ताईचा चेहरा डावीकडेच होता, पण नेहमीपेक्षा कमी वळलेला. अचानक तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "अरे, ही रागावलीच नाहीये! हसू दाबतेय लबाड!"

मला ते दिसलं नव्हतं. माझे डोळे चांगले आहेत.

कार्यक्रम संपल्यावर ताई थेट आत गेली. "खोटं खोटं रागावतेस काय गं?" सायली पावडरभरल्या चेहऱ्यानं बघतच राहिली. "आत्या, दिसलं तुला?" त्यानंतर प्रत्येक सराव संपला की सायली आत्याला विचारायची, "आज काय दिसलं?" आणि ताई खरं तेच सांगायची, न दिसलेलं कधी सांगितलं नाही.

परवा दिवाणखान्यात सराव संपवून सायली घाम पुसत माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, काय दिसलं?"

"छान" जिभेवर आलंच होतं.

"परत कर," मी म्हणालो, आणि खुर्ची पुढे ओढली.