शांतम्माच्या रांजणातलं पाणी

शांतम्मा कुणावर चटकन विश्वास टाकणारी बाई नव्हे. दूधवाल्यासमोर ती दूध बोटावर घेऊन बघायची आणि जावयानं आणलेली साडीसुद्धा उन्हात धरून पारखायची. शंका आली नाही ती फक्त आपल्या बोअरच्या पाण्याची. नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात ती बसवकल्याणच्या रस्त्यावर चिंचेखाली बोअरच्या पाण्याचा रांजण भरून त्याच्या नावाची पाणपोई लावायची. तहानलेल्याला नाही म्हणायचं नाही, एवढंच तिचं व्रत.

यंदा कलबुर्गीच्या कॉलेजातली मंजुश्री गावोगावचे बोअर तपासत तिथं आली. तिच्या काचेच्या नळीत लालभडक पाणी होतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण आहेत, पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, असेल तर लालाचं निळं होतं, असं तिनं सांगितलं.

"सोनं पिवळं असतंय बाई. हे लाल कामून?"

"एवढं बारीक केलं की लालच दिसतंय, अज्जी."

शांतम्मानं काय ते ओळखलं. किरणकुमारनं गावात नुकताच जारच्या पाण्याचा धंदा टाकला होता. ही त्यानंच पाठवलेली, पाणपोई बंद पाडायला! आपणही काही कच्च्या गुरूची चेली नाही, हिच्या नळीत आपलं पाणी जाऊच द्यायचं नाही, असं मनाशी म्हणत तिनं तांब्या भरून दिला, तो रांजणातून नव्हे, तर शेजारच्या जुन्या विहिरीच्या पाण्याच्या घागरीतून.

नळी लालच राहिली.

"तुमचं पाणी चांगलं हाय, अज्जी. आजूबाजूचे बोअर तर सगळे निळे निघाले बघा," म्हणत मंजुश्री सामान आवरू लागली.

शांतम्मा गालातल्या गालात हसली, पण ते हसू टिकलं नाही. पोरगी किरणकुमारची असती तर पाणी चांगलं कशाला म्हणाली असती? आणि आजूबाजूचे सगळे बोअर निळे, तर आपला?

तेवढ्यात उन्हातून आलेल्या एका गरोदर बाईनं ओंजळ पुढं केली. "पाणी घाल, अक्का."

सवयीनं रांजणातून भरलेला तांब्या शांतम्मानं ओंजळीपर्यंत नेला आणि मागं घेतला.

"थांब माय, ह्यातलं नगं. त्या घागरीतलं घे." मग ती मंजुश्रीकडं वळली. तिला फार लाज वाटत होती. "पोरी, मगाचं पाणी विहिरीचं होतं. माझं हे हाय. बघ."

नळीतला लाल रंग बघता बघता निळा झाला. शांतम्मानं तांब्या मातीत उपडा केला.

"आन् आजवर ज्यास्नी पाजलं," तिनं विचारलं, "त्यास्नी आता कुठं हुडकू?"