आदिमानवाचा नवस

मतं बदलणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण एका लेखापायी स्वतःला सरळ गुहेत नेऊन बसवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. मामा भाईंदरच्या मिठागरांवर कारकून होते. मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे दोन वेळा भात आणि मधल्या वेळेत भाताची आठवण, एवढाच त्यांचा आहार. उलटं चालून गुडघे सुधारायचा एक प्रयोग त्यांनी पूर्वी केला होता, पण मिठाच्या वाफ्यात पाठमोरे बसल्यावर तो थांबवावा लागला. सन एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला त्यांना रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं. आदिमानव काय खात असे, यावर त्यात लेख होता. शेती नव्हती म्हणून तांदूळ, गहू, डाळ नाही. गुरं पाळलेली नव्हती म्हणून दूध नाही. साखर तर नाहीच. कंद, फळं आणि शिकार यांवर तो गडी म्हणे ठणठणीत असे. लेखाचं शेवटचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे एवढा ठणठणीत माणूस पुढे भात का खायला लागला, हे मामांना कधीच कळलं नाही. चहाचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते जरा गडबडले आणि म्हणाले, "जावईबापू, पाला तेव्हाही होता, पाणी होतं, विस्तव होता. तिघांची गाठ कधी पडलीच नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल?" मिठाला त्यांनी नोकरीकडे बघून परवानगी दिली.

खरी अडचण शिकारीची होती, कारण मामींच्या स्वयंपाकघरात अंड्यालाही मज्जाव. ती सोडवली भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावातल्या इनास नावाच्या ख्रिस्ती कोळ्यानं. इनास मासळी खारवायला लागणारं मीठ न्यायला मिठागरावर येई, त्यातून दोघांचा दोस्ताना जमलेला. एका रविवारी मामा सायकल हाणत पालीला पोचले, तर इनासच्या घरी डुकराच्या कातडीचे तुकडे तळणं चाललं होतं. मामा दारातच थबकले. बाहेर ते मासे खात, पण डुक्कर म्हणजे अगदीच सीमेपलीकडचं. "ये मामा, बस. त्याल बिल काय न्हाय हाय यात, त्याचीच चरबी हाय," इनास म्हणाला. स्वतःच्याच चरबीत तळला जाणारा प्राणी मामांना फार प्रामाणिक वाटला. पहिला तुकडा त्यांनी डोळे मिटून खाल्ला, दुसरा उघडे ठेवून, आणि मग परातीवरून त्यांची नजर हलेना. "आदिमानवाकडे कढई होती का?" असं मी पुढे विचारलं, तर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी पाली ठरलेली, आणि आठवडाभराची बेगमी म्हणून पत्र्याच्या डब्यात फुललेले, कुरकुरीत तुकडे घरी येऊ लागले. डबा माळ्यावर, छत्र्यांच्या मागे.

घरी मात्र भलताच घोळ झाला. धान्य सोडलं आणि रताळं खाल्लं म्हणजे उपवास, याबद्दल आपल्याकडे दुमत नसतं. मामींनी चाळभर सांगितलं, "आमच्या ह्यांनी रोजचीच एकादशी धरलीय." लोक मामांना वाटेत हात जोडू लागले. मामा बिचारे प्रत्येकाला आदिमानव समजावून सांगत. शेजारच्या एका काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याचं देऊळ कुठे आहे, असं विचारलं. मामांची अवस्था तेव्हा अशी होती, की आपण खातोय की उपाशी आहोत, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं.

अशातच मामींच्या पोटाचं ऑपरेशन झालं. त्या घरी परतल्या तेव्हा मुठीएवढ्या दिसत होत्या. एका एकादशीला मी भेटायला गेलो होतो. मामींनी कशासाठी तरी मला माळ्यावरून छत्री काढायला सांगितली, आणि छत्रीबरोबर डबा खाली आला. झाकण उघडलं. "अगं बाई, उपवासाच्या पापड्या! आणि मला एक शब्दानं सांगितलं नाही," असं म्हणत मामींनी एक तुकडा उचलला. तो ओठांशी जाणार, तोच मामांनी आतून झेप घेऊन त्यांचा हात धरला. मी इतका घाबरलो होतो की छत्री उघडून उभा राहिलो. "त्या... त्या नवसाच्या आहेत," मामा म्हणाले, "ज्याचा नवस त्यानंच खायच्या." मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या टाक्यांवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी भात सोडलात?" त्या म्हणाल्या. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी छत्रीआड गेलो.

पुढच्याच महिन्यात आदिमानवाचा मामांना कंटाळा आला. पण आता परतीची वाट उरली नव्हती. मामी सुधारत होत्या, आणि त्या नवसानंच सुधारताहेत असं घोकत होत्या. "जावईबापू, मला आमटीभात हवाय हो," मामा एकदा मिठागराच्या बांधावर मला म्हणाले. खा की चोरून पालीला, मी सुचवलं. "नवसाबिवसानं काही होत नाही, मला कळतं. पण मी भात खाल्ला आणि हिला काही झालं, तर?" असं म्हणणाऱ्या माणसाला नास्तिक म्हणावं की भाविक, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. तापात डॉक्टरांनी पेज सांगितली, तीही मामांनी घेतली नाही.

काही वर्षांनी मामींचं दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टर फारसं बोलत नव्हते. एका दुपारी मामींनी आमच्या हिला भात टाकायला सांगितला आणि मामांना जवळ बसवलं. "पुरे झालं आता, जेवा," त्या म्हणाल्या. "तुमचे रविवारचे शर्ट मीच धुते ना? पालीच्या पापड्या कसल्या, ते मला कधीचं ठाऊक आहे."

मामांनी पुढे सरकून विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? ह्यांनी माझ्यासाठी भात सोडला, असं बायकांना सांगताना मला फार बरं वाटायचं."

हिनं ताट आणून ठेवलं. वाफाळता भात, वर आमटी, तुपाची धार.  मामांनी ते हळूच बाजूला सारलं. "तू उठून बस, मग खातो," ते म्हणाले.

मामी त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. इनास अजून अधूनमधून भाईंदरला येतो, पण डबा आणत नाही. मामांनीच नको म्हणून सांगितलंय. परवा मला स्टेशनाजवळ गाठून तो म्हणाला, "मामा अजून भात खात न्हाय. ह्यो नवस आता फिटायचा कंदी?"