हेल्मेटमधलं दूध

ओरिन हालव्हर्सन दिवसा चीजच्या कारखान्यात राबायचा आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोष्टी लिहायचा. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावाला दोन्हींचं कौतुक होतं. चीजचं अंमळ जास्त.

युद्धावरून परतल्यापासून त्यानं लढाईवर खूप लिहून पाहिलं. शौर्य, बलिदान असे भारदस्त शब्द रात्री कागदावर उतरायचे आणि सकाळी चुलीत जायचे. यातला एकही माणूस आपल्या ओळखीचा वाटत नाही, अशी त्याची तक्रार असे.

त्या वर्षी मेअखेरच्या, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनी गावानं त्यालाच वाचायला सांगितलं. त्यानं लेलँड लुंडवर लिहायला घेतलं. लेलँड त्याचा शाळासोबती, त्याच्याच पलटणीतला, फ्रान्समध्ये लढताना पडलेला. पण लिहिता लिहिता मध्येच एक गाय आली आणि मजकूर चक्क विनोदी झाला. आता थडग्यांवर फुलं वाहून आलेल्या लोकांना, लेलँडच्या आईदेखत, हसवायचं कसं? तिचं मन दुखावलं तर? ओरिननं आपलं चुलीतून वाचलेलं एक जुनं, गंभीर पानही खिशात घातलं.

चर्चच्या तळघरात कॉफी वाटून झाली. लेलँडची आई हिल्मा लुंड पहिल्याच रांगेत, मांडीवर हात जुळवून बसली होती. ओरिननं गंभीर पान उघडलं. पहिल्याच ओळीत लेलँड सिंहासारखा झेपावत होता. हा कोण बुवा, असं ओरिनलाच वाटलं. त्यानं ते मिटलं, गायीचं काढलं आणि वाचायला घेतलं.

तोफगोळे पडताहेत आणि ओसाड गोठ्यात धार न काढलेली गाय कळवळून हंबरते आहे. लेलँडला ते ऐकवेना. तो धावत गेला, हेल्मेट उलटं धरून धार काढायला बसला. सार्जंटनं दुरून हेल्मेट डोक्यावर घालायचा हुकूम सोडला. लेलँडनं घातलं, काठोकाठ भरलेलं.

कुणी हसेना. सगळे हिल्माकडे बघत राहिले.

"ओरिन, बसला होता ना तो गायीच्या उजव्या अंगाला, मी शिकवलं होतं तसं?" तिनं विचारलं.

"हो, मिसेस लुंड."

"आणि आधी तिच्याशी बोलला?"

"बोलला. आधी इंग्रजीत, मग आपल्या घरच्या नॉर्वेजियनमध्ये. गाय फ्रेंच होती."

हिल्माचे खांदे हलू लागले. तिनं रुमाल तोंडाशी धरला, पण हसू त्यातूनही सांडलं, आणि मग तळघरभर पसरलं.

"एवढं चांगलं दूध घालवलं कार्ट्यानं," ती डोळे पुसत म्हणाली. "वाच परत. आणि या खेपेला सावकाश, मला त्याला नीट बघू दे."