आर्ज की झिप?

इंद्रपुरीत आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहणारे गृहस्थ कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाले, पण आर्ज की झिप या आमच्या वादातून नाही. चहा बशीत ओतून फुंकर मारत म्हणायचे, "फाइल दाबून लहान करावी ती आर्जनंच. मोठी असली तर चार फ्लॉप्यांत वाटून द्यायचं बिचारं!"

मी झिपवाला. "दोन्हींतून फाइल जशीच्या तशीच परत येते," मी म्हणायचो.

"फरक है, भाई!" मुद्दा सुटला की ते हिंदीत शिरायचे.

परवा एक जुनी आर्ज फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आले. "माझ्याकडे उघडत नाहीये. बघता का?"

मी उघडली. आत त्यांच्या बायकोचा, वहिनींचा आवाज होता. "चालू आहे का हो हे? मी काय बोलू?" आणि मग खळखळून हसणं. अर्धांगवायू झाल्यापासून वहिनींची वाचा गेली आहे.

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "बघा, झिपमध्ये हसू इतकं स्वच्छ आलं नसतं."

हे साफ चूक होतं. तरी मी म्हणालो, "खरंय."

ते चमकून माझ्याकडे बघत राहिले. "भांडा ना," म्हणाले, "आज का नाही भांडत?"