ताईची गाडी पाणी खाते

आपल्या गॅरेजातून दुरुस्त होऊन गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नाही, असं मिस्त्री सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचा. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, जाड मानेचा माणूस. गिऱ्हाइकानं तक्रार सांगायला तोंड उघडलं की अर्ध्यावर तोडायचा. "कळलं. चावी ठेवा, संध्याकाळी या." बहुतेक वेळा त्याला खरोखरच कळलेलं असायचं, म्हणून लोक त्याचा तुसडेपणा चालवून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात मात्र एक गाडी परत परत यायला लागली, आणि ती नेमकी त्याच्या थोरल्या बहिणीची.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं होतं. पुढं ती नर्स झाली. नोकरी संपली तरी घरी बसली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, असं तिचं सकाळपासून दुपारपर्यंत चालायचं. रोज पाच-सहा घरं, तीही गावाच्या चार टोकांना. त्यामुळं बावीस वर्षांची ती जुनी गाडी म्हणजे तिचे पायच होते. सगळी गल्ली ज्याला मिस्त्री म्हणायची, त्याला ती अजूनही छोटू म्हणायची. तेही भर गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर.

"छोटू, गाडी पाणी पितेय रे," पहिल्यांदा आली तेव्हा ती म्हणाली.

"खातेय," त्यानं दुरुस्ती केली. "गाडी पाणी खाते म्हणतात."

"खाते का पिते ते तू बघ. थंडी सुरू झाल्यापासून रोज कपभर कूलंट घालावं लागतं. आणि सकाळी निघाले ना, की सुरुवातीला जरा..."

"कळलं. चावी ठेव."

त्यानं रेडिएटरचं झाकण बदललं. झाकणाचं रबर खरंच चिरलेलं होतं, त्यामुळं आपण बरोबर आहोत अशी त्याची खात्रीच पटली. आठवड्यानं ताई परत. मग त्यानं वरचे-खालचे दोन्ही पाइप बदलले. ताई परत. मग वॉटर पंप बदलला. जुना पंप हातात घेऊन उलटासुलटा केला, तर तो चांगला ठणठणीत निघाला. त्यानं तो कोपऱ्यात भिरकावला.

दर वेळी ताई दुपारी, सगळी घरं उरकून यायची आणि संध्याकाळी गाडी घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ती लागायचीच. चौथ्या खेपेला त्यानं रेडिएटरच्या तोंडाला हवेचा हातपंप लावला, दाब दिला आणि घड्याळ लावून समोर बसला. कुठं गळत असेल तर दाब उतरतो आणि पंपावरचा काटा खाली येतो. अर्धा तास झाला, काटा जागचा हलेना. गाडीखाली आडवा होऊन त्यानं इंच न् इंच पाहिला. सगळं कोरडं.

"बाहेर गळत नाही म्हणजे आत जातंय," तो स्वतःशीच पुटपुटला. "हेडचं गॅस्केट."

इंजिनाच्या डोक्याखालची ती पातळ पट्टी जळली, की पाणी आत शिरून धुरावाटे जातं. खरं तर इथं तेही जमत नव्हतं. तेल स्वच्छ होतं, धूर पांढरा नव्हता, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. पण चार प्लगांपैकी एक बाकीच्या तिन्हींपेक्षा जरासा उजळ, पाण्यानं धुतल्यासारखा दिसत होता. जरासाच. हात टेकायची पाळी आलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

इंजिनाचं हेड उतरवायचं म्हणजे पोट फाडण्यासारखंच काम. चार दिवस गाडी गॅरेजात उघडी पडली होती. चार दिवस ताई औषधांची पिशवी खांद्याला लावून बसनं आणि पायी फिरली. जुनं गॅस्केट निघालं तेव्हा मिस्त्रीनं ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. कुठं जळाल्याची खूण नव्हती. "बारीक असेल, डोळ्याला दिसत नसेल," असं म्हणून त्यानं ते टाकून दिलं आणि नवं बसवलं.

"आता रोज उठून बोनेट उघडायचं नाही," त्यानं ताईला दम भरला. "सारखं बघत बसतेस म्हणून तुला पाणी कमी दिसतं."

ताईनं चावी घेतली.

नवव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. चढावर गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकला, वाफ यायला लागली, म्हणून तिनं लगेच गाडी बंद केली होती. हा हातातलं काम टाकून धावला. पाहतो तर रस्त्याच्या कडेला गाडी उभी, बोनेट उघडं, आणि ताईचा पत्ता नाही. फोन लावला तर उचलेना. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिन निवण्याची वाट बघत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा चुकवत तो तासभर तिथंच फेऱ्या मारत राहिला. एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं थांबून विचारलंसुद्धा, "काय मिस्त्री, तुमचीच गाडी बंद?" त्यावर तो काय बोलला, ते रिक्षावाल्यानं पुढं कितीतरी दिवस लोकांना सांगितलं.

तासाभरानं ताई चढावरून शांतपणे उतरत आली.

"कुठं होतीस?" तो कडाडला.

"कामावर. वरच्या घरातले आजोबा एका कुशीवर पडून माझी वाट बघत होते. तुझी गाडी निवेपर्यंत त्यांनी तसंच पडून राहायचं का?"

"आणि पाणी बघून निघायला काय झालं होतं तुला?"

"तूच म्हणालास बघू नकोस. आठ दिवस नाही बघितलं."

तो टाकीत पाणी ओतत राहिला. पावणेदोन लिटर गेलं. एवढं पाणी मुरतंय तरी कुठं, हे त्याला कळेना, आणि आपल्याला ते कळत नाही हे ताईसमोर उघडं पडत होतं, म्हणून त्याचा जीव जास्तच जळत होता.

ताई कठड्यावर टेकली. "छोटू, माझ्या पेशंटची जखम वाहत असली ना, तर मी आधी विचारते, कधी वाहते? रात्री का दिवसा, बसल्यावर का चालल्यावर? तू मला एकदा तरी विचारलंस?"

"बरं, विचारतो," तो दात-ओठ खात म्हणाला. "कधी?"

"सकाळी. निघाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गोडसर वास येतो, जळल्यासारखा. मग जातो. पहिल्या दिवशीच सांगत होते मी."

मिस्त्रीनं पाण्याची बाटली खाली ठेवली. गेल्या दोन महिन्यांत ही गाडी थंडगार असताना त्यानं एकदाही तपासली नव्हती. हेड काढलं तेव्हा थंड होती, पण तेव्हा पाणीच काढून टाकलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो हत्यारं, नळ्या आणि क्लिपा भरलेली पिशवी घेऊन पहिल्या बसनं ताईच्या दारात हजर झाला. बोटं गारठून वाकत नव्हती. गाडी खडीवर उभी होती. त्या खडीत लोटाभर पाणी सांडलं असतं तरी दिसलं नसतं. त्यानं हातपंप लावला, दाब दिला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत काटा खाली उतरायला लागला. पुन्हा दाब दिला. पुन्हा उतरला.

तो टॉर्च घेऊन खडीवर उताणा झाला. इंजिनाच्या मागं, केबिनच्या पत्र्याला लागून, हीटरकडं जाणारी एक आखूड रबरी नळी होती. तिच्या खालच्या टोकाला, लोखंडी पाइपावर चढवलेल्या जागी, कूलंटचा हिरवा थेंब धरला होता. तो सुटला, गिअरबॉक्सवरून ओघळत मागं गेला आणि खडीत नाहीसा झाला. दुसरा थेंब खाली सायलेन्सरच्या पाइपावर पडला. हेड काढताना त्यानं त्या नळीचं वरचं टोक सोडवलं होतं. खालच्या टोकाला हात लावला नव्हता.

रबर जुनं होऊन कडक झालं होतं. थंडीत ते आकसायचं, पकड सैल व्हायची आणि रात्रभर थेंब-थेंब जायचे. इंजिन तापलं की रबर फुगून परत घट्ट बसायचं. पाइपावर पडलेले थेंब सकाळी जळायचे, त्याचा तो वास. दुपारी गाडी त्याच्याकडं पोचेपर्यंत सगळं बंद आणि सगळं कोरडं.

शोधून काढल्याचा आनंद क्षणभरसुद्धा टिकला नाही. तो आडवा पडल्या-पडल्या स्वतःलाच शिव्या घालत राहिला. त्या सांदीत हातही धड जाईना. पाना दोनदा निसटून खडीत हरवला, बोटांची सालं निघाली, आणि जुनी क्लिप निघता निघेना. वीतभर नळी आणि एक क्लिप बदलायला पाऊण तास लागला. मग पाणी भरून त्यानं पुन्हा दाब दिला. काटा ठाम उभा.

ताई पिशवी घेऊन बाहेर आली. त्यानं काढलेली जुनी नळी पुढं केली.

"ही होती. हेड उघडायची काही गरज नव्हती."

"म्हणजे ते चार दिवस मी उगाच बसनं फिरले?"

"हो."

"आणि माझ्या गाडीचं पोट उगाच फाडलंस."

"हो म्हणालो ना!" तो ओरडला, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "चुकलं माझं, ताई."

ताईनं त्याचा हात धरून उजेडात फिरवून पाहिला. "नळाखाली धर. एवढ्याला पट्टी लागत नाही." आणि ती गाडीत बसली.

त्यानंतर सगळा हिवाळा गाडीनं पाण्याचा थेंबही खाल्ला नाही. ताईनं तो विषय पुन्हा काढला नाही. तिनं काढला असता तर बरं, असं मिस्त्रीला कित्येकदा वाटलं.

नळी बदलली त्या सकाळी मात्र त्याला वाटलं होतं, निदान गॅरेजपर्यंत तरी ती सोडेल. तो हत्यारांची पिशवी उचलून गाडीच्या दाराकडं वळला, तर ताईनं काच खाली केली.

"वरच्या आजोबांना उशीर होतोय. तू ये चालत."

गाडी खडीवरून करकरत निघून गेली. वास येतोय का, म्हणून तो थोडा वेळ नाक वर करून उभा राहिला. मग जड पिशवी या हातातून त्या हातात घेत, पुटपुटत, बसथांब्याकडं चालायला लागला.