परशाची मोटर ऐकायला तुडीलला

साताऱ्याहून निघताना बायकोने माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. पाने, पक्कड, तीन स्क्रू ड्रायव्हर, दात घासायचा जुना ब्रश, आणि तळाला कुठेतरी एक सदरा.

"मुक्कामाला चाललाय की दरोड्याला?"

"मोटर दुरुस्त करायला."

"अरे देवा," ती म्हणाली आणि पिशवीत आणखी एक सदरा कोंबला. तीस वर्षांच्या संसारात मी काय काय दुरुस्त केलंय ते तिला ठाऊक आहे. मिक्सर त्यातून वाचला नाही.

मोटर परशाची, म्हणजे परशुरामची. आम्ही दोघं महाडच्या वसाहतीत एका कारखान्यात एकाच पाळीला होतो. पंप बिघडला की मला बोलावत, आणि मी आणखी बिघडवला की परशाला. पुढे त्याने नोकरी सोडली, जुनी होडी आणि तिच्या मागे लावायची जुनी मोटर घेतली आणि तुडीलला सावित्रीवर तर (माणसं पैलतीराला नेणारी होडी) सुरू केली. मी साताऱ्याला बदलून गेलो. "ये रे एकदा," तो फोनवर म्हणायचा. "पावसाळा संपू दे," मी म्हणायचो. असे किती पावसाळे संपले, मोजलं नाही.

दोन वर्षांपूर्वी परशा गेला. मी दहाव्यालाही पोचलो नाही. आंबेनळी घाटात दरड आली होती. दरड खरी होती, पण ती तिसऱ्या दिवशी उपसली. मला निघायला दोन वर्षं लागली.

तीही वहिनीचा फोन आला म्हणून. "भाऊजी, सोमवारी पोरगा न्यायला येतोय. वसईला जायचं हाय, कायमचं. होडी कधीच कुजली. मोटर पलीकडचा एकजण नेणार हाय. त्याच्या आधी एकदा चालू करून द्या. मला आवाज ऐकायचा हाय."

महाबळेश्वर सोडल्यावर एस.टी. घाट उतरू लागली तशी थंडी मागे राहिली. पोलादपूरला गाडी बदलली, महाडला वडापाव खाल्ला, पुन्हा गाडी बदलली. शुक्रवारी दुपारी तुडीलला उतरलो तेव्हा सुकती (ओहोटी) होती आणि नदी चिखलाच्या मधून बारीक झाली होती. धक्क्यावर एकही होडी नव्हती. पूर्वी पाच-सहा असायच्या. आता पलीकडे जायचं तर लोक पुलावरून मोटरसायकलने जातात.

मोटर पडवीत लाकडी घोडीवर बसवून ठेवलेली. टोपणावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची वाळलेली माळ. नवऱ्यामागे वहिनीने दोन दसरे तिची पूजा केली होती.

"काळजी करू नका," मी बाह्या सारल्या. "बारा वर्षांपूर्वी, साताऱ्याला जायच्या आधी, हिला मीच ठीक केली होती."

"आठवतंय ना," वहिनी म्हणाली. एवढंच.

अंगणात निळा ड्रम होता, कारखान्यातले लोक विकतात तसला. त्यात पाणी भरलं, काठावर फळी ठोकली, फळीला मोटर कसली. दोरी ओढली. पुन्हा ओढली. चाळीस वेळा ओढल्यावर दोरी हातातून सुटली आणि मी मागच्या मागे शेणाच्या ढिगात बसलो.

वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टाकीच्या टोपणावरचा हवेचा स्क्रू आधी उघडायचे ते."

स्क्रू बंदच होता. टाकीत हवा शिरत नसेल तर पेट्रोल खाली कसं उतरणार? उघडला. तरी मोटर गप्प. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली निळी पडत होती. म्हणजे रोग कार्बोरेटरमध्ये. तो मी उतरवला, फडक्यात गुंडाळला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, उघडला नाही. रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण जेवताना वहिनीला म्हटलं, "उद्या पोलादपूरला मिस्त्रीकडे नेतो." तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी कालवणाच्या तिखटपणावर ढकलली.

शनिवारी कार्बोरेटर जेवणाच्या डब्यात घालून निघालो. महाडच्या पुढे कंडक्टर पेट्रोलचा वास हुंगत माझ्यापाशी थांबला. "काका, डब्यात काय हाय?"

"भाजी."

"कसली?"

मी उघडून दाखवली. तो बघतच राहिला. "काकी रागावल्या काय?" अख्खी गाडी हसली. डबा मांडीवर घेऊन मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

गणूमिस्त्री हायवेला लागून एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. सत्तरीचा असेल. त्याने कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली. आत डिंकासारखा पिवळट थर, आणि त्यात तरंगता गोळा असा चिकटलेला की जणू चिक्कीत अडकलेला दाणा.

"मोटर चालवायची नसली तर टाकी कोरडी ठेवतात," तो म्हणाला. "ह्यात पेट्रोल ओतून ओतून वाळवलंय. कोणाचा हा शहाणपणा?"

मला वहिनीचं बोलणं आठवलं. दर दसऱ्याला ती शेजाऱ्याकडून वाटीभर पेट्रोल आणून टाकीत घालायची. उपाशी कशी ठेवायची, म्हणाली होती.

"माझा," मी म्हटलं.

"वाटलंच," मिस्त्री म्हणाला.

त्याने सगळं धुतलं, फुंकलं. बारीक भोकात मी तार घालणार तोच हातावर फटका मारला. "तारेने भोक मोठं होतंय. झाडूची काडी घ्या." शेवटी हळू चालीचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडला. "दीड. जास्त नाय, कमी नाय. ह्याला हात लावायचा नाय."

रविवारी सकाळी कार्बोरेटर बसवला. ताजं पेट्रोल, त्यात ऑइल. तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. शिवणयंत्रासारखी, एक ठोका इकडचा तिकडे नाही. मी विजयी मुद्रेने दाराकडे पाहिलं. वहिनी उंबऱ्यात उभी होती, हात पदरात.

"भाऊजी, ही कुणाची?"

"कुणाची म्हणजे? आपलीच."

"आमची नाय ही." ती एक पायरी उतरली. "आमची वळणावर मंद केली की तीन ठोके नीट द्यायची, चौथ्याला खोकायची. तुम्ही त्या वर्षी हात लावून गेलात ना, तवापासून."

मी मोटर बंद केली.

"परशा मला कधी बोलला नाही."

"मी म्हटलं होतं त्यांना, मिस्त्रीला दाखवा. तर म्हणाले, ऱ्हाऊ दे गो. त्याने एवढ्या हौसेने केलंय. आन् पाच होड्यांत आपली कुठची ते तुला पण कळतंय." "कळायचंच. खोकली की मी आधण ठेवायची. ते चढण चढून येईस्तोवर चहा होयाचा."

बारा वर्षांपूर्वी मी तो हळू चालीचा स्क्रू किती सोडला होता ते मला चांगलं आठवत होतं. अडीच फेरे. परशाला वर भाषणही दिलं होतं की इंजिनाला थोडं जास्त पाजलं की ते खूष राहतं. तो मान डोलवत होता.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. दीडाचे अडीच केले. दोरी ओढली. निळा धूर निघाला, मोटर धडधडली, मी चाल मंद केली. तीन ठोके नीट. चौथ्याला खोकली.

वहिनी आत गेली. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग फुंकणीचा. मी मोटर धरून उभा. ड्रममधलं पाणी माझ्या पायजम्यावर उडत होतं आणि मी ते उडू देत होतो. बऱ्याच वेळाने ती दारात आली. मोटरकडे तिने पाहिलंच नाही. नदीकडून वर येणाऱ्या पायवाटेकडे पाहत राहिली.

"बंद करा आता, भाऊजी," ती म्हणाली. "आले ते."

मी बंद केली. चहा दोन कप झाला होता. दुसरा तिने माझ्यापुढे ठेवला.

निघताना विचारलं, "स्क्रू परत नीट करू? नेणाऱ्याला त्रास नको."

"त्याचं तो बघील. माझ्या दारातून जाईल तवर ऱ्हाऊ दे तशीच."

संध्याकाळी पोलादपूरला साताऱ्याच्या गाडीला वेळ होता म्हणून शेडमध्ये डोकावलो. गणूमिस्त्रीने हात पुसत विचारलं, "काय, चालली?"

"चालली."

"कशी?"

"खोकत."

त्याचा चेहरा उतरला, मग तापला. "खोकेल कशी? दीड फेऱ्यावर लावून दिली मी. कोणा गाढवाने स्क्रूला हात लावला?"

"मीच," म्हटलं. "बारा वर्षांपूर्वी. आणि आज परत."

त्याने स्टूल पुढे सरकवलं. घाट चढणारी गाडी लागेपर्यंत मी तिथे बसून होतो. परशाने दहा वर्षं, जाईपर्यंत, माझी चूक पाण्यावर चालवली, माणसं ह्या तीरावरून त्या तीरावर नेली, आणि दर वेळी फोनवर फक्त "ये रे एकदा" एवढंच म्हणाला.